फ्रँकफर्टच्या अलीकडे

लंडन ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण 640 किलोमीटर, विमानाला सव्वा-दीड तास. मावसबहिणीच्या बाळाचं बारसं दुपारी, तिकीट स्वस्त, निघालो. विमान वेळेच्या आधी उतरलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याचा राग अजून गेलेला नाही. तिकिटावरच्या वेळेत कंपन्या चार-दोन मिनिटं आधीच वर टाकून ठेवतात, मग आपण लवकर पोचतो आणि खूश होतो. आणि हा वेळ मोजतात विमान जागचं हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. पहाटे तीनचा गजर, बॅग मापात बसवायला अंगावर चढवलेले दोन स्वेटर, हे हिशेबातच नाही.

बाहेर आलो तर समोर शेतं. विमानतळाचं नाव फ्रँकफर्ट-हान. फ्रँकफर्ट तिथून सुमारे 120 किलोमीटर, बसने पावणेदोन तास, भाडं वेगळं. खऱ्या फ्रँकफर्टचा विमानतळ शहरापासून जेमतेम 12 किलोमीटरवर आहे, पण तिथलं तिकीट महाग होतं ना!

बसथांब्यावर एक जर्मन आजोबा होते. इंग्रजी उत्तम, सवड त्याहून उत्तम. मी सहज म्हटलं, "हे फ्रँकफर्ट नाही."

"अर्थात नाही," ते म्हणाले. "हे हुन्सऱ्युक आहे. फ्रँकफर्ट दुसऱ्या राज्यात."

"मग नाव कशाला लावता?"

"तुम्ही कुठून आलात?"

"लंडनहून."

"लंडनच्या कुठल्या विमानतळावरून?"

"स्टॅनस्टेड."

"लंडनपासून किती लांब?"

"साठेक किलोमीटर," मी पुटपुटलो.

आजोबांनी शांतपणे चष्मा पुसला. "म्हणजे तुम्ही लंडनहून निघाला नाहीत आणि फ्रँकफर्टला पोचला नाहीत. व्यवहार चोख झाला."

मला उत्तर सुचेना. पहाटे तीनपासून जागा असलेल्या माणसाशी असा वाद घालू नये, एवढं तरी वयाने कळायला हवं. ते मात्र रंगात आले. इथे 1993पर्यंत अमेरिकी हवाईदलाचा तळ होता. धावपट्टी 3800 मीटर, कितीही जड विमान आणा. 2021मध्ये विमानतळाचं दिवाळं निघालं, तरी विमानं थांबली नाहीत. शेवटी माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "फ्रँकफर्टला जाऊन करणार काय? नुसत्या बँका आहेत."

"बारसं आहे." बारसं म्हणजे काय ते सांगावं लागलं. पाळणा, घुगऱ्या, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगणं. आजोबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "कानातच सांगायचं, तर फोनवर का नाही सांगत?"

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, उतरलास ना? मग ये की, पाळणा सजवून झालाय!" हिला काय सांगणार? विमानाने जेवढा वेळ हवेत काढला, त्याहून जास्त मी आता बसमध्ये काढणार होतो. पैसे वाचले म्हणावं, तर बसचं परतीचं भाडं, लंडनमधल्या ट्रेनचं भाडं आणि गेटवर बॅगेसाठी उकळलेले पैसे मिळून साध्या विमानाचं तिकीट आलं असतं. वर कॉफीसुद्धा मिळाली असती.

बस दिसली. आजोबांनी विचारलं, "परत कधी?"

"उद्या, सकाळी साडेसहाचं विमान."

"मग बस रात्री दोन-अडीचला. झोप कुठली? माझं घर इथून सात किलोमीटरवर आहे, आज रात्री या."

मला भरून आलं. परक्या मुलखात इतकी माया! हात जोडून आभार मानले.

"पन्नास युरो," आजोबा म्हणाले. "न्याहारी वेगळी."