‘गाईड ओढतो’ म्हणणाऱ्यांनी दोरी एकदा हातात धरून बघावी

मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: अंध धावपटू स्वतः धावत नाही, गाईड (त्याच्यासोबत दोरी धरून धावणारा डोळस जोडीदार) त्याला दोरीने ओढतो, तेव्हा पदक खरं तर गाईडचं. डोळ्यांवर पट्टी बांधावी लागते, म्हणजे दिसत असणारच. रिओत तर ‘अंधांनी’ ऑलिंपिक विजेत्यालाही मागे टाकलं, यातच काय ते समजा. आणि गाईड काय, धावता येणारा कोणीही होतो. खाली दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतचे अंगठे.

आधी ओढण्याचं बघू, कारण बाकीचा संशय तिथूनच निघतो. दोघं शेजारी-शेजारी धावतात आणि लागून असलेल्या दोन हातांत दोरी असते. ते दोन हात एकत्र पुढे-मागे जायला हवेत. म्हणून दोघांचे आतले पाय एकाच वेळी पडतात आणि बाहेरचे एकाच वेळी, आरशात बघावं तसे. आता गाईडने ओढ दिली तर काय होईल? धावपटूचा त्या बाजूचा हात मागे जाणार नाही, खांदा पुढे खेचला जाईल, अंग कमरेतून वळेल आणि पाऊल आखूड पडेल. ओढून वेग वाढत नाही, मोडतो. शिवाय नियम आहेतच: दोरी न ताणणारी हवी, गाईडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि अंतिम रेषा धावपटूनेच आधी ओलांडायची. गाईड पुढे निघाला तर जोडी बाद.

ओढल्याचे गाजलेले प्रसंग आहेत, पण उलट्या दिशेचे. केनियाच्या हेन्री वान्योइकेची दृष्टी १९९५ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने गेली. २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये तो ५००० मीटरला उतरला तेव्हा त्याचा गाईड जॉन किबुची आजारी होता. शेवटी तो इतका गळाठला की वान्योइकेनेच त्याला ओढत रेषेपर्यंत नेलं आणि सुवर्ण मिळवलं. २००४ ला अथेन्समध्ये त्याने ५००० आणि १०,००० मीटर अशी दोन सुवर्णं घेतली. २००५ च्या हॅम्बुर्ग मॅरेथॉनमधली त्याची वेळ २ तास ३१ मिनिटं ३१ सेकंद, म्हणजे किलोमीटरला साधारण ३ मिनिटं ३५ सेकंद. या वेगाने अडीच तास दुसऱ्याला ओढू शकणारा गाईड असता, तर तो एकटाच ऑलिंपिकला गेला नसता का?

२०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्येही तेच. टी-१२, म्हणजे थोडी दृष्टी असलेल्यांच्या, मॅरेथॉनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या स्पेनच्या एलेना कोन्गोस्तच्या गाईडच्या पायात रेषेच्या अगदी जवळ गोळा आला. त्याला सावरताना तिच्या हातून दोरी क्षणभर सुटली, आणि तेवढ्यावरून तिला अपात्र ठरवलं गेलं. गाईडच्या दमाचाही प्रश्न असतो, म्हणून तर ५००० मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींत दोन गाईड घेण्याची सोय आहे. बाकी गाईडलाही पदक दिलं जातं. ‘खरं पदक कोणाचं’ हा वाद ग्रुपवरच चालतो.

पट्टीचं उत्तर सोपं आहे. टी-११ गटात कोणाला काहीच दिसत नाही, तर कोणाला उजेड-अंधार कळतो. हा फरकही राहू नये म्हणून सगळ्यांनाच डोळे पूर्ण झाकावे लागतात. टी-१२ मध्ये थोडी दृष्टी असते आणि गाईड ऐच्छिक असतो. टी-१३ मध्ये त्याहून बरी, तिथे गाईड नाहीच. भारताचा अंकुर धामा आणि रक्षिता राजू हे टी-११ चे. हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत (२०२३) अंकुरने १५०० आणि ५००० मीटरला, तर रक्षिताने १५०० मीटरला सुवर्ण जिंकलं.

रिओच्या मुद्द्यात आकडे खरे आणि अर्थ खोटा. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये टी-१३ च्या १५०० मीटरला अल्जेरियाचा अब्देललतीफ बाका ३ मिनिटं ४८.२९ सेकंदांत आला आणि पहिले चौघेही ऑलिंपिक विजेत्या मॅथ्यू सेन्ट्रोवित्झच्या ३:५०.०० पेक्षा वेगवान ठरले. पण ऑलिंपिकची ती अंतिम शर्यत डावपेचांची होती. पहिले ४०० मीटर जवळपास ६७ सेकंदांत गेले, सगळं शेवटच्या फेरीवर राखून ठेवलेलं. सेन्ट्रोवित्झने आदल्या वर्षी हेच अंतर ३:३०.४० मध्ये कापलं होतं. बाका उत्तम धावला. त्यावरून ना अपंगत्व खोटं ठरतं, ना ऑलिंपिक विजेता हलका.

राहिला ‘कोणीही गाईड’. धावपटूच्या शर्यतीच्या वेगाला अखंड बोलता आलं पाहिजे, ही पहिली अट. धावपटू किलोमीटरला ५ मिनिटांनी धावत असेल, तर गाईड एकटा साडेचारच्या आत धावणारा हवा. ट्रॅकवर तो अर्धा मीटर बाहेरून धावला तर दर फेरीला सुमारे ३ मीटर जादा पडतात, ५००० मीटरमध्ये जवळपास ४०.

सरावाची दोरी घरी होते. बुटाची सपाट नाडी घ्या, दोन्ही टोकांना चार बोटं जातील असे फास करा, मधलं अंतर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. इलॅस्टिक नको, कारण हाताचा इशारा ताणात विरतो आणि उशिरा पोचतो. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात चाला, मग जॉगिंग. बडोद्याची कमाटीबाग त्यानंतर, आणि तीही पहाटे लवकर, कारण दोघांना मिळून दीड मीटर रुंदी लागते आणि फिरायला आलेली मंडळी चौघं-चौघं ओळीने चालतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बोलण्यात. ‘सांभाळ!’ ही सूचनाच नव्हे. त्यातून डावं की उजवं, चढ की खड्डा, काहीच कळत नाही. धावपटू फक्त दचकतो आणि अंग आखडतो. ‘गतिरोधक, तीन, दोन, एक, चढ’ असं मोजून सांगायचं. ‘इकडे’ नाही, ‘उजवीकडे, हळू वळण’. मॅरेथॉनच्या वाटेवर ढोल आणि स्पीकर लागले की आवाज बुडतो, म्हणून वळणाचा, थांबण्याचा इशारा दोरीवर आधीच ठरवून घ्यावा. पाण्याच्या टेबलाशी ग्लास गाईडने उचलायचा, अर्धा ओतून टाकायचा आणि धावपटूच्या मोकळ्या हाताला टेकवूनच सोडायचा. पुढचे वीस-तीस मीटर पडलेले ओले ग्लास कुठे आहेत, तेही सांगत राहायचं.