कांदेसाहेब

अर्ध्या गालावर फेस, गळ्यापाशी वस्तरा, आणि शेजारच्या खुर्चीतले काका टीव्हीकडे बोट दाखवून म्हणतायत, "हे बघा, विलायती कांदे!" सलूनमध्ये जुनी कसोटी लागली होती. लॉर्ड्स, २००९, इंग्लंडचा गोलंदाज ग्रॅहॅम अनियन्सचं पदार्पण, ३८ धावांत ५ बळी. मी फेसातूनच पुटपुटलो, "त्याचा कांद्याशी संबंध नाही हो काका."

तिथेच चुकलं.

"स्पेलिंग कांद्याचंच ना?"

"हो, पण नाव वेल्श आहे, इंग्लंडशेजारच्या वेल्समधलं. आइन्यॉन. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ ऐरण."

"मग लोहार म्हणा!"

"अहो, धोंडू नावाचा माणूस पाथरवट असतो का?"

"आमच्या गावचा होता."

यावर काय बोलणार? वस्तरा हनुवटीखाली सरकला होता, आणि कारागीर न्याय ऐकायला हात थांबवून उभा.

वेल्सात पूर्वी आडनाव नव्हतंच. बापाचं नाव लावायचं. मुलगा म्हणजे 'अप', पुढे स्वर आला की 'अब'. अब आइन्यॉनमधला ब चिकटून बेनन झालं, तसंच अप रीसचं प्राइस आणि अप हवेलचं पॉवेल. पण सरहद्दीपलीकडे इंग्लंडात, श्रॉपशर-स्टॅफर्डशरकडे ही माणसं आली आणि इंग्रज कारकुनाच्या तावडीत सापडली. त्याने कानाला जे ओळखीचं वाटलं ते लिहिलं. कुठे एनियन, कुठे इनियन्स, कुठे थेट अनियन्स. भाजीचा शब्द फ्रेंचांकडून आलेला, नाव वेल्शांचं. दोघांची गाठ पडली ती त्या कारकुनाच्या कानात. आपल्याकडे रेशनकार्डावर एक काना चुकला तर प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, शिवाय दोनदा झेरॉक्स. त्यांनी चूक पिढ्यान्‌पिढ्या मिरवली. काहींनी तर मध्ये वरचा स्वल्पविराम मारून ओ'नायन्स केलं, म्हणजे बघणाऱ्याला आयरिश वाटावं! कीथ ओ'नायन्स नावाचे नामांकित भूरसायनशास्त्रज्ञ आहेत, जन्म बर्मिंगहॅमचा.

"आणि शेवटचा एस?" काकांनी हुकमी पत्ता टाकला. "अनेकवचन!"

"विल्यम्स म्हणजे अनेक विल्यम का? तो 'चा' आहे. विल्यमचा, आइन्यॉनचा."

"म्हणजे कांद्याचा."

मी हात टेकले. ऑक्सफर्डचा इंग्रजी व्युत्पत्तिकोश ज्यांनी संपादला, जो १९६६ साली निघाला, त्या सी. टी. अनियन्सना असे काका किती भेटले असतील!

सगळ्यात जास्त चिडचिड वेगळ्याच गोष्टीची. यातल्या काही घराण्यांचा पूर्वज खरोखर कांदे पिकवणारा किंवा विकणारा असू शकतो, असंही आडनावांचे कोश म्हणतात. हे मी काकांना सांगितलं नाही. मरेपर्यंत सांगणार नाही.

काका पैसे देऊन विजयी मुद्रेने गेले. कारागिराने माझ्या गळ्यातला टॉवेल झटकला आणि अगदी अदबीने विचारलं, "कांदेसाहेब, डोक्याला तेल लावू?"