सालईचा डिंक श्टुटगार्टच्या औषध दुकानात

नागपूरच्या माझ्या मावशीला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. सकाळी तासभर हाताची बोटं मिटत नाहीत. तिने काय घ्यावं यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जुंपते. एक गट म्हणतो, मेथोट्रेक्सेट हे डॉक्टरांनी दिलेलं आमवाताचं औषध सोड, गुळवेल आणि शल्लकी घे. दुसऱ्याच्या मते आयुर्वेद म्हणजे निव्वळ थोतांड. मी श्टुटगार्टमध्ये बसून हे वाचते तेव्हा राग येतो तो एवढ्याचसाठी की, कुठला अर्क, किती ताकदीचा आणि कुठल्या आजारावर, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

शल्लकी म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या, मेळघाटातल्या सालईचा डिंक. त्याच्या गोळ्या इथे औषध दुकानांत सर्रास मिळतात. इथून जवळच्या ट्युबिंगेन विद्यापीठात हेर्मान अमोन यांनी 1990च्या दशकात या डिंकावर बरंच काम केलं. शरीरात सूज धरून ठेवणारी ल्युकोट्राइन नावाची रसायनं ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) बनतात, त्या विकराला डिंकातली बोस्वेलिक आम्लं अडवतात. हे झालं प्रयोगशाळेतलं. पोटात गेल्यावर मात्र ही आम्लं रक्तात फार थोडी उतरतात; स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर जास्त.

माणसांवरचे अभ्यास आपल्याच मातीत झालेत आणि आपल्यालाच त्यांचा पत्ता नाही. 2003 साली नागपुरातून गुडघ्याच्या झिजेच्या 30 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. शल्लकीने वेदना कमी झाल्या, पण माणसं थोडी होती. 2013 साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांची 440 रुग्णांची, 24 आठवड्यांची चाचणी आली. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी अशा अर्कांच्या कॅप्सूल गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यावर सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या तोडीच्या ठरल्या. त्याच चाचणीत आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांना एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, वाढल्यामुळे बाहेर काढावं लागलं. त्रास काहीच जाणवत नव्हता, औषध थांबवल्यावर आकडा उतरला. रक्त तपासलं नसतं तर हे कळलंही नसतं. या अभ्यासाचा पहिला भाग एका गटाला अडचणीचा, दुसरा भाग दुसऱ्याला, म्हणून तो कुणीच पूर्ण वाचत नाही.

2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमधल्या यकृताच्या इजेची नोंद केली, तेव्हाही असंच झालं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं, वनस्पती ओळखण्यातच चूक असू शकते. रुग्णाच्या हातातल्या बाटलीत नेमकं काय आहे यावरच वाद व्हावा, हे मला भयंकर वाटतं.

जर्मनीत नोंदणी झालेल्या वनस्पतीजन्य औषधाच्या खोक्यावर किती वनस्पतीतून किती अर्क काढला आणि तो पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, हे छापलेलं असतं. फक्त जुन्या वापराच्या आधारावर नोंदणी झाली असेल तर तेही लिहावं लागतं. युरोपच्या 2004च्या नियमाप्रमाणे 30 वर्षांचा वापर दाखवावा लागतो, त्यातली निदान 15 युरोपातली. पण सालईचा डिंक इथे बहुतेक ठिकाणी पूरक आहार म्हणून विकला जातो आणि त्याला यातलं काहीच लागू नाही. म्हणजे ज्या झाडाबद्दल मी बोलतेय, त्याच्या बाबतीत जर्मन ग्राहकही मावशीइतकाच अंधारात आहे. भारतात ग्रंथोक्त औषधाला परवाना मिळवायला माणसांवरच्या चाचण्यांची सक्ती नाही.

मावशीचा आजार वेगळा आहे, हेही ग्रुपवर कुणी म्हणत नाही. वरच्या दोन्ही चाचण्या झिजेच्या होत्या. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, आणि उपचाराविना गेलेल्या काळात झालेलं हाडाचं नुकसान भरून येत नाही. मेथोट्रेक्सेट सोडण्याचा सल्ला म्हणूनच मला क्रूर वाटतो. दुसरीकडे, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृतावर तसंही लक्ष ठेवावं लागतं. त्यात लपूनछपून गुळवेल घेतली तर एसजीपीटी कशाने वाढला ते डॉक्टरला कसं कळणार? मावशी लपवते, कारण मागे एकदा सांगितलं तेव्हा तिला भर ओपीडीत झापलं गेलं.

डॉक्टरांनी न रागावता विचारावं. आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग वापरला, अर्काचं प्रमाण, कशात काढला आणि यकृताची तपासणी कधी करावी, हे मराठीत छापायला लावावं.