गाडीची दाढ

अडकित्त्यात सुपारी फुटल्याचा आवाज कानाला बरा वाटतो, कारण त्यानंतर पान मिळतं. तोच आवाज युटामधल्या एका खडकाळ चढावर, गाडी उलटी चढवत असताना, बुडाखालून आला तर त्यानंतर काय मिळतं हे मला २,४०० डॉलर मोजल्यावर कळलं.

गाडीत आम्ही तिघं होतो. मी म्हणालो, "काही नाही, दगड लागला असेल." बायको काहीच म्हणाली नाही. मागच्या सीटवरच्या सात वर्षांच्या लेकीनं घाईघाईनं तोंडात बोट घालून आपला हलणारा दात चाचपला आणि जाहीर केलं, "माझा नाही हं तुटला!"

तुटला होता तो पुढच्या डिफरन्शियलचा.

मुळात मी पिकअप घ्यायलाच नको होती. डेन्व्हरमध्ये दिवसभर कंप्युटरपुढे बसणाऱ्या माणसाला ओढून न्यायचं असतं काय, तर जेवणाचा डबा. पण कोलोरॅडोत खिडकीतून रोज रॉकी पर्वत दिसतो आणि त्याच्या अलीकडे शेजाऱ्याची पिकअप दिसते. किती दिवस तग धरणार? घेतली. घेतल्यावर पंधरा दिवसांत कळलं की परदेशात पिकअपवाल्या मराठी माणसाला शनिवार नसतो. सोफे, गाद्या, मंडळाच्या गणपतीचं मखर, कुणाच्या तरी सासूबाईंनी हट्टानं घेतलेला झोपाळा. "तुझी गाडी रिकामीच असेल ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फोनवर नुसतं "तुझी" ऐकलं तरी कंबर दुखते.

इथपर्यंत गाडीला काहीही झालं नव्हतं. झोपाळ्यानं डिफरन्शियल तुटत नाही. ते तुटतं हौसेनं.

मूळ टायर ३१ इंची होते. मी ३५ इंची घातले. ते मावेनात म्हणून गाडी ३ इंच उचलून घेतली, तरीही घासायला लागले म्हणून चाकावरचं थोडं प्लास्टिक कापून टाकलं. एकेक टायर रिमसकट उचलायला दोन माणसं लागत. माझी स्वतःची उंची ५ फूट ५ इंच, त्यामुळे गाडीत बसणं हा चढाईचा प्रकार झाला; पण एकदा वर पोचलो की सिग्नलला शेजारच्या गाड्यांची टपं दिसायची. माणसाला आणखी काय हवं असतं?

माणसाला नाही, पण डिफरन्शियलला बरंच काही हवं असतं, आणि ते कुणी विचारत नाही. ज्यांनी खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्यांना डिफरन्शियल वेगळं समजवायला नको. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा आतला बैल जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा मैलभर चालतो. गाडीच्या चाकांचंही तेच. दोन चाकांमध्ये ५ फूट अंतर धरलं, तर गाडी उलट्या दिशेला पूर्ण वळेपर्यंत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे १५.७ फूट जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक तरी फरपटणार. यावर ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जुळणी काढली, १८२७ साली. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना द्यायचा, पण वेग ज्याचा त्याला ठरवू द्यायचा. दोनशे वर्षं होत आली, मूळ युक्ती तीच आहे.

युक्तीत एकच मेख आहे. जोराचं वाटप सक्तीनं समान. एक चाक हवेत लोंबकळायला लागलं की त्याला फिरायला जोर लागतो जवळपास शून्य. म्हणून जमिनीवर ठाम उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही मिळतो जवळपास शून्य. हवेतलं चाक गरगरा फिरून घाम गाळल्याचा देखावा करतं आणि जमिनीवरचं नुसतं बघत बसतं. मंडळाच्या कार्यकारिणीत मी दोन वर्षं होतो; मला हे लगेच समजलं.

आता या यंत्राचा आकार बघा. आत जे मोठं दातेरी चाक असतं, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री क्राऊन म्हणतात, ते माझ्या गाडीत भाकरीएवढं होतं, आणि त्याला फिरवणारं पिनियन मुठीएवढं. लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड चढासाठी असलेल्या सगळ्यात संथ फोर-व्हीलमध्ये, पहिल्या गिअरला इंजिन साधारण ४० वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणजे वेग चाळिसावा हिस्सा आणि जोर चाळीस पट, आणि त्यातला पुढच्या चाकांच्या वाट्याचा सगळा जोर या भाकरीच्या दोन-तीन दातांवरून जाणार. टायर मोठा केला की चाकापाशी तरफ लांब होते आणि त्या दातांचं काम तेवढंच वाढतं. शिवाय हल्लीच्या पिकअपमध्ये पुढचा डिफरन्शियल सांगाड्याला बोल्टांनी टांगलेला असतो आणि तिथून दोन शाफ्ट चाकांकडे जातात. गाडी उंच केली की ते शाफ्ट तिरके होतात. टायर विकताना हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तर ऑक्टोबरात आम्ही युटातल्या मोआबला गेलो. डेन्व्हरहून सुमारे साडेतीनशे मैल. मोआब म्हणजे जीपवाल्यांचं पंढरपूर. १९६७ पासून तिथं ईस्टरच्या सुमारास त्यांची वारी भरते. तांबूस वालुकाश्माच्या टेकड्या आणि त्यांवर टायरच्या रबरानं काढलेले काळे पट्टे. शहाणी माणसं गावाजवळच्या वाटांवर हौस भागवतात. मी आणखी ७५ मैल लांब, कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या नीडल्स भागात गेलो, कारण तिथल्या वाटेचं नाव होतं एलिफंट हिल. डॅशबोर्डवर गणपती असलेल्या माणसानं हत्तीच्या टेकडीला कसं नाही म्हणायचं?

परमिट काढताना बायकोनं पार्कची माहिती वाचून दाखवली. तीव्र चढ, सुटे दगड, पायऱ्यांसारखे उतार, अरुंद वळणं. मी प्रत्येक शब्दाला खुशीत मान डोलावली. मग ती थांबली. "आणि काही ठिकाणी गाडी उलटी चालवावी लागते, असं लिहिलंय."

"रिव्हर्स तर रोज घेतो आपण."

"परवा गॅरेजचं दार ठोकलंस."

मी विषय बदलून टायरमधली हवा कमी करायला उतरलो. २० पौंडांवर आणली, त्यानं पकड वाढते. हे मला येतं.

एलिफंट हिलवर एक वळण इतकं आखूड आहे की गाडी वळतच नाही. जाताना नाकाच्या दिशेनं एका सपाट जागी यायचं आणि पुढचा टप्पा गाडी तशीच मागं सोडत उतरायचा. तो मी उत्तम उतरलो. पलीकडे सुळके पाहिले, सावलीत बसून थालीपीठ खाल्लं, फोटो काढले. जे उतरलं ते परत चढावं लागतं, तेही उलटं, हा हिशेब थालीपीठ संपेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता.

गाडी उलटी चढवताना नाक खाली असतं. इंजिनाचं ओझं आणि गाडीचा बराचसा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे पकड त्यांना आणि मेहनतही त्यांनाच. त्यात डिफरन्शियलच्या दाताला दोन अंगं असतात. माझ्या गाडीत पुढं जाताना जे अंग भार घेतं ते भक्कम; रिव्हर्सला भार येतो दुसऱ्या अंगावर, ते नाजूक. थोडक्यात, सर्वांत अवघड काम सर्वांत दुबळ्या बाजूनं करून घ्यायचं असेल तर चढावर लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकावा.

एवढं करूनही दात वाचला असता. पण डावं पुढचं चाक एका खळग्यावर अधांतरी आलं आणि फिरायला लागलं. इथं पाय उचलायचा असतो. मी दाबला. चाक भिंगरीसारखं फिरत खाली आलं आणि त्या खरखरीत दगडानं ते गच्च धरलं. चाक थांबलं, इंजिन थांबलं नव्हतं. दोघांच्या मध्ये जो होता त्याची सुपारी फुटली.

नंतर खर्र, कट्, खर्र, कट्. जात्यात खडा आल्यासारखं. गाडी जागची हलेना.

फोनला रेंज नाही. पार्कच्या आतून गाडी ओढून न्यायला हजार डॉलरच्या वर जातात हे बायकोनं सकाळीच वाचलेलं होतं. तिनं ते आत्ता पुन्हा वाचून दाखवलं नाही, याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे.

तासाभरानं एक म्हातारं जोडपं आलं. जीप उघडी, रंग उडालेला, टायर माझ्या निम्म्या रुंदीचे. आजोबा सत्तरीच्या पुढचे असावेत. ते उतरले, माझ्या गाडीकडे खालून वर पाहिलं (पाहायला बराच वेळ लागला), तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं आणि एकच शब्द म्हणाले, "रिव्हर्स?"

मी मान हलवली. आजी सँडविच काढायला लागल्या. त्यांना हा कार्यक्रम नवा नसावा.

आजोबांनी फोर-व्हील काढायला लावलं, माझा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपर्यंत जोर आणणारा दांडा, सोडवून माझ्याच गाडीत मागं ठेवला आणि विंचचा दोर लावला. मग त्या खेळण्याएवढ्या जीपनं माझ्या उंचच उंच गाडीला, म्हशीला गळ्यातल्या दाव्यानं पोरानं ओढावं तशी, वर ओढून काढली. लेकीनं व्हिडिओ केला. तो आता आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

मागच्या चाकांवर रखडत मोआब गाठलं. मिस्त्री मोठा शांत माणूस. त्यानं खालचा बोल्ट उघडून तेल भांड्यात घेतलं आणि वैद्यानं नाडी बघावी तसं बघत बसला. तेल दुधाळ चहासारखं असेल तर पाणी शिरलेलं असतं, काळं असेल तर जळलेलं. माझं चकाकत होतं. चांदीचा वर्ख लावलेला काढा, आणि वास गंधकाचा. बोल्टाच्या लोहचुंबकाला लोखंडी कीस चिकटलेला, आणि त्या किसात एक अख्खा दात. त्यानं तो पुसून माझ्या तळहातावर ठेवला.

क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलावे लागतात, एकमेकांवर घासून जुळवलेले असतात म्हणून. दातांमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजून बसवतात, सहा ते दहा. एवढी काळजी आमच्या पत्रिका जुळवतानाही कुणी घेतली नव्हती. मोठ्या टायरांना साजेसा ४.८८चा गिअर (पिनियन ४.८८ वेळा फिरलं की क्राऊन एकदा) त्यानं सुचवला. "हा टिकेल ना?" मी विचारलं.

"हा टिकेल," तो म्हणाला. "आता शाफ्ट तुटेल."

हे त्यानं धीर द्यायच्या सुरात सांगितलं, आणि खरंच तो धीरच होता. चाकाकडचा शाफ्ट तुटला तर जागेवर तासा-दोन तासांत बदलता येतो, म्हणून अनुभवी लोक जादाचा सोबत ठेवतात. डिफरन्शियल तुटला की आजोबांची वाट बघायची. माझ्या आजीच्या गुडघ्यांचं असंच होतं. डावा बरा झाला की उजवा ठणकायचा, आणि उजवा दुखतोय म्हणजे डावा बरा आहे यात ती समाधान मानायची.

रात्री हॉटेलातून कऱ्हाडच्या काकांना फोन केला. काकांनी कऱ्हाड-पाटण वडाप जीप पंचवीस वर्षं चालवली, आत सोळा, बाहेर लोंबकळणारे चार, आणि टपावर कोंबड्या. डिफरन्शियल कधी गेला नाही. मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही हुंकार दिला नाही, म्हणजे नीट ऐकत होते.

"आरं, फोर बाय फोर चिखलातनं भाईर याया असतंय," ते म्हणाले. "आत जाया नव्हं."

मग त्यांनी टायर केवढ्याचे हे विचारलं. मी निम्मी किंमत सांगितली, तरीही ते बराच वेळ बोलले नाहीत.

गाडी आठवड्यानं मिळाली. सोबत एक कागद. नवे गिअर बसेपर्यंत पहिले ५०० मैल जपून चालवायची, सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं चालवून थंड होऊ द्यायची, आणि ओझं ओढायचं नाही. शेवटची ओळ मी तीनदा वाचली. त्याच आठवड्यात मंडळातून फोन आला, दिवाळीच्या कार्यक्रमाचा रंगमंच हलवायचा होता. "अरेरे," मी म्हणालो, "डॉक्टरांनी नाही सांगितलंय." आज त्याला चार महिने झाले. गाडी ५०० मैल चालली का, असं अधूनमधून विचारतात. मी ती फारशी काढतच नाही.

दात मी घरी आणून टेबलावर ठेवला होता. लेकीचा हलणारा दात तोवर पडून गेला होता, आणि तो उशीखाली ठेवून सकाळी तिला एक डॉलरही मिळाला होता; इथली परी दात घेऊन पैसे ठेवते. माझ्या लहानपणी आम्ही पडलेला दात कौलांवर भिरकावायचो, मोबदल्याची भाषा नव्हती. लेकीनं गिअरचा दात बराच वेळ हातात धरून पाहिला. "बाबा, हा तर खूप मोठा आहे," ती म्हणाली, आणि रात्री मला न विचारता तो माझ्या उशीखाली ठेवून दिला.

सकाळी उशी उचलली तर दात नव्हता. तिच्या गल्ल्यातला एक डॉलर होता, चार घड्या घातलेला.

राहिले २,३९९.