पाळणाघर सोडताना मावशींना काय द्यावं (फार काही न देता)

जूनमध्ये लेकराचा मोठ्या शाळेत नंबर लागला की पाळणाघर सुटतं. लातुरात हा प्रसंग आनंदाचाच, कारण इथं लेकरू पहिलीच्या बाकावर बसलं की घरच्यांना थेट नीटचा निकाल दिसायला लागतो. फी, दप्तर, रिक्षावाला असा सगळा खर्च आ वासून उभा असताना सासूबाई मधेच म्हणतात, “मावशींना काहीतरी द्यावं लागंल बरं का.” घाबरू नका. हे काम दोनशे रुपयांच्या आत उरकतं आणि वर उपकार आपलेच राहतात.

खरेदी गंजगोलाईतच करा. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, म्हणजे एका दुकानात फारच भाव पाडून मागितला तरी सटकायला पंधरा वाटा उरतात. पण त्याआधी घरचं कपाट उघडा. आहेरात आलेल्या ब्लाऊजपीसांची चळत कुठल्या घरात नसते? ते शिवायचे नसतातच, पुढं सरकवायचे असतात. फक्त घडीत आधीच्या देणाऱ्याची चिठ्ठी राहिली नाही ना, एवढं बघा. आणि तो पीस मावशींनीच तुमच्या वास्तुशांतीला दिलेला नाही ना, हेही.

गोड न्यायचं असेल तर कुंथलगिरीचा पेढा. तिथल्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं पाव किलोतही रुबाब राहतो. बॉक्स मात्र अर्ध्या किलोचा मागून घ्या.

शिकल्यासवरल्या पालकांत हल्ली रोपटं द्यायची टूम आहे. लातूरकरांनी तर ते द्यावंच. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पर्यावरणाची काळजी आपण वाहावी आणि रोपट्याला पाणी मावशींनी घालावं, ही वाटणी रास्तच आहे. त्यांच्या गल्लीत नळ कितव्या दिवशी येतो ते विचारू नका, विषय लांबतो.

लेकराचा फोटो छापलेला कपही स्वस्तात बसतो. मावशींनी स्वतःच्या पोरांना दिवसभर आजीजवळ टाकून तुमचं लेकरू सांभाळलं. आता निदान चहा पिताना तरी त्यांना ते दिसत राहील.

आता खरा नाजूक मुद्दा. पाळणाघरात एक मॅडम असतात आणि एक मावशी. मॅडम टेबलाशी बसून फीची पावती फाडतात. मावशी शी-शू काढतात, वरण-भात भरवतात, ताप आला की कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतात, आणि तुमचं लेकरू झोपेत ‘आई’ म्हणालं की ‘ओ’ देतात. तेव्हा साडी मॅडमना आणि ब्लाऊजपीस मावशींना, हे उघडच आहे. जिचा हात लेकराला जास्त लागला तिच्या हातावर कमी ठेवायचं. याची लाज बाळगायचं कारण नाही, खुद्द सरकारचा हिशेब असाच आहे. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला, गांधीजयंतीला सुरू झाली. २०१८ साली केंद्रानं मानधनातला आपला वाटा वाढवला, तेव्हा सेविकेचे ३००० चे ४५०० झाले आणि मदतनिसाचे १५०० चे २२५०. वाढ दोघींनाही मिळाली, निम्म्याचं प्रमाण मात्र तसूभर हललं नाही. निवृत्त होताना ग्रॅच्युइटी मिळावी यासाठी या बायकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि कायदा १९७२ चा असूनही तो त्यांना लागू आहे हा निकाल २०२२ च्या एप्रिलात आला. आता जिथं सरकारलाच निरोपाचं देणं द्यायला इतकी वर्षं लागतात, तिथं तुम्ही एका जूनमध्ये कप देऊन मोकळे होताय. तुम्ही तर कर्णाचे अवतार.

रोख देणं शक्यतो टाळा. अगदीच वेळ आली तर एक रुपया चिकटवलेलं पाकीट घ्या आणि आत शंभराची नोट घाला. वरचा तो रुपया फार कामाचा असतो, त्यानं शंभराला शकुनाचं तेज चढतं आणि मोजायची इच्छा होत नाही.

देताना चार माणसं बघतील अशी वेळ गाठा. मॅडमना मधे घ्या, मावशींना कडेला उभं करा, फोटो काढा, आणि “आमच्या बाळाची दुसरी आई” असं लिहून स्टेटसला टाका. दुसऱ्या आईचं नाव लिहायची गरज नाही. अडीच वर्षं सगळे ‘मावशी’च म्हणत आले, आता विचारायला गेलात तर उगाच अवघडल्यासारखं होईल.

एक धोका मात्र राहतो. कप हातात घेऊन मावशी हळूच म्हणू शकतात, “ताई, ते उशीर व्हायचा तव्हाचे जास्तीचे पैसे राहिलेत बगा, मार्चपासूनचे.” संध्याकाळी सहाऐवजी साडेसातला यायचात, ते. यावर रागवू नका. “अहो मावशी, आजच्या दिवशी पैशाचं काय काढता?” असं डोळ्यांत पाणी आणून म्हणा, लेकराला पुढं ढकलून त्यांच्या पाया पडायला लावा, आणि त्या त्याला उचलून घेतील तेवढ्यात जाऊन गाडी सुरू करा.