पाच बँड आणि एक साउंडवाला

एका रात्रीत पाच बँड, अशी जाहिरात वाचून ज्यांना पाच बँडांचे संगीत ऐकायला मिळेल असे वाटते, ते अशा कार्यक्रमाला अजून गेलेले नाहीत एवढेच सिद्ध होते. पाच बँड असले की रंगमंचावर सामान पाच वेळा चढते, पाच वेळा उतरते आणि या चढउतारातून जो वेळ उरतो त्यात काही वाजवण्याची मुभा असते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका क्लबाच्या हॉलमध्ये अशी एक रात्र मी पुरती काढली, कारण तिसऱ्या बँडमध्ये माझा भाचा बास गिटार वाजवतो आणि मामाने यायचेच असते. सोबतीला शेजारचे अण्णा होते. त्यांचे पंचवटीत भजनी मंडळ आहे, त्यात ते स्वतः पेटी वाजवतात आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या पंचवटीत आश्रम काढला तेथेच आपले मंडळ असल्यामुळे सबंध देशाच्या सुरांची थोडीफार जबाबदारी आपल्यावर आहे, असे ते मनापासून मानतात.

जाहिरातीत वेळ सातची होती. सात वाजता रंगमंचावर काळा टी-शर्ट घातलेला एक सडपातळ तरुण होता, त्याच्या तोंडात पेटलेला टॉर्च होता, मनगटात चिकटपट्टीचे रीळ होते आणि तो केबलच्या गुंत्यात गुडघे टेकून बसला होता. हा साउंडवाला. त्याच्यामागे एक ड्रमर पायातल्या मोठ्या ड्रमवर ‘धप्’ असा एकच ठोका पुन्हा पुन्हा मारत होता, कारण ड्रमच्या संचाला निरनिराळे माइक लावतात आणि प्रत्येकाची पातळी वेगळी जुळवावी लागते. धप् संपल्यावर स्नेअरचे टाक् टाक् सुरू झाले, त्यानंतर टॉम, त्यानंतर झांजा. पाऊण तास हे चालले तेव्हा अण्णा माझ्याकडे झुकून म्हणाले, “अहो, याचा ठेका कधी सुरू होणार?”

“अण्णा, तो अजून तपासतोय.”

“आमचा पखवाजवाला डाव्या अंगाला, धुमेला, कणीक लावतो आणि मोकळा होतो,” अण्णा म्हणाले आणि मसाला पापडाकडे वळले.

पायाने वाजवायचा ड्रम प्रत्येक ठोक्यासरशी पुढे सरकतो, म्हणून त्याच्याखाली सतरंजी घालतात. येथे सतरंजी पुरेना, तेव्हा साउंडवाला बाहेर गेला आणि क्लबाच्या बागेतली एक वीट आणून त्याने ड्रमच्या पुढ्यात ठेवली. ड्रम जागच्या जागी राहिला. अण्णांनी हात जोडले. “विठोबानंतर विटेचा एवढा उपयोग कोणी केला नव्हता,” ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून साउंडवाल्याविषयी त्यांचे मत चांगले झाले.

पहिला बँड कधी सुरू झाला हे सांगणे अवघड आहे, कारण तपासणी आणि गाणे यांच्यामध्ये कोणतीही सीमारेषा आखलेली नव्हती. समोरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा एक गाणे होऊन गेल्याचे आम्हाला कळले. दुसऱ्या बँडबद्दल एवढेच सांगतो की त्याच्या गिटारवाल्याला दोन गाण्यांच्या मध्ये सहाही तारा पुन्हा जुळवण्याची सवय होती.

याच सुमारास हॉलमध्ये एक घुमणारा आवाज भरू लागला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि अर्थिंगमध्ये कोठे गडबड असली की ती आवर्तने थेट स्पीकरमधून बोलू लागतात. साउंडवाला चिंतेत पडला, बँडची मुले एकमेकांकडे पाहू लागली, आणि अण्णांनी मात्र डोळे मिटून मान डोलवली. “पांढरी पाच,” ते म्हणाले. “जरा चढी आहे, पण हलत नाही.” घरी येऊन मी पडताळून पाहिले. पेटीच्या पांढऱ्या पाचव्या पट्टीचा सूर खालच्या सप्तकांत उतरवत नेला तर तो सुमारे ४९ आवर्तनांवर येतो, म्हणजे अण्णांचे निदान ‘जरा चढी’सकट अचूक होते. संध्याकाळभर सुरात असलेली ती एकमेव गोष्ट महावितरणाच्या तारांतून आलेली होती. साउंडवाल्याने शेवटी एक प्लग काढून दुसऱ्या बोर्डात खोचला, घुमणे थांबले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि अण्णा हळहळले. “चांगला षड्ज लागला होता हो.”

नाशिककरांना मोठ्या आवाजाची भीती घालण्यात अर्थ नाही. नाशिक ढोलाच्या पथकापुढे ज्याचे लहानपण गेले त्याच्या छातीत धडधड व्हायला अधिक काही लागते. पण ढोलाला वायर नसते, आवाजाची तपासणी नसते आणि विशेष म्हणजे तो पुढे पुढे जात राहतो, त्यामुळे कानांना सुटकेची आशा असते. येथे हॉल बंद होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहानंतर ध्वनिक्षेपक लावायचा तर तो बंदिस्त सभागृहात, आणि तोही आतल्या आत. म्हणून क्लबाचे एक पदाधिकारी मोबाइलवर आवाज मोजण्याचे ॲप उघडून दारात उभे होते आणि दर वेळी कोणी दार उघडले की त्याला आत किंवा बाहेर ढकलत होते. त्यांच्या मोबाइलवर आतला आकडा शंभराच्या पुढे गेलेला मी पाहिला. १०० डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, अशी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. मी हिशेब केला. प्रत्येक बँडला अर्धा तास दिलेला होता. त्यातून तारा जुळवणे, प्रायोजकांचे आभार, सभासदांची ओळख आणि ‘मॉनिटरमध्ये (म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) माझा आवाज वाढव रे’ हे वजा केले तर वाजवण्याला पंधरा मिनिटेच उरत होती. निदान एका बँडपुरते तरी मंडळींनी शास्त्र पाळले होते.

एवढ्या आवाजातही चौथ्या बँडचा गायक अधूनमधून गाणे थांबवून, “नाशिक, तुमचा आवाज येत नाहीये!” अशी तक्रार करत होता. अण्णांनी तोवर कानटोपी घातलेली होती. जानेवारीत निफाडकडचा पारा उतरला की शहाणा नाशिककर कानटोपी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि रॉक संगीतासाठी याहून योग्य पोशाख मला तरी सुचत नाही. तिने झांजांचा कर्कशपणा जातो. बास मात्र खुर्चीच्या पायांतून वर येतो, त्याला टोपी चालत नाही.

बासचा विषय निघाला म्हणून भाच्याकडे मागे वळतो. तिसऱ्या बँडची पाळी आली तेव्हा आमची ताई पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून उभी होती आणि दोन ठोक्यांच्या मध्ये, “अरे, केस मागे घे, चेहरा दिसत नाहीये!” असे ओरडत होती. भाचा तल्लीन होऊन वाजवत होता. डोळे मिटलेले, मान खाली, उजव्या हाताची दोन बोटे जाड तारांवरून आळीपाळीने चालत होती. दोन गाणी झाली. मग साउंडवाला वाकत वाकत रंगमंचावर गेला, भाच्याच्या पायाजवळ बसला आणि वायरचा अर्धवट आत गेलेला जॅक त्याने कट्ट करून पूर्ण खोचला. त्याबरोबर हॉलच्या काचा थरथरल्या. आतापर्यंत बास वाजतच नव्हता. हे भाच्याला कळले नव्हते, बँडमधल्या इतरांना कळले नव्हते, आम्हाला कळण्याचा तर प्रश्नच नव्हता. बँड उतरल्यावर भाचा घामेजल्या चेहऱ्याने आमच्याकडे आला.

“मामा, कसं झालं?”

“पहिली दोन गाणी फार आवडली,” मी म्हणालो, आणि ते खरे होते.

प्रत्येक बँडबरोबर त्याचे नातेवाईक आले होते आणि आपला मुलगा उतरला की ते स्वेटर चढवून पार्किंगकडे निघत होते. त्यामुळे पाचव्या बँडपुढे उरले ते आधीच्या चार बँडांतले वादक, सामान राखणारे दोघेजण आणि आम्ही. मी तीनदा उठलो. अण्णा हलायला तयार नव्हते. ते बँडकडे पाहतच नव्हते, त्यांची नजर कोपऱ्यातल्या मिक्सरवर खिळली होती, जेथे तो काळा टी-शर्टवाला एका हाताने वडापाव खात दुसऱ्या हाताने कोणाचा तरी आवाज कमी करत होता.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा थेट त्याच्याकडे गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बाळा, रामनवमीला आमच्या मंडळाचं भजन असतं. येशील का?”

“येईन की काका. किती माइक लागतील?”

“चार. एक पेटीला, एक पखवाजाला, दोन गाणाऱ्यांना. भजन आठाला सुरू होतं.”

साउंडवाल्याने बोटांवर काहीतरी मोजले. “मग तुमचा पखवाजवाला सहालाच पाठवा,” तो म्हणाला. “नुसतं धप् धप् करायला.”