भिशीत समुद्र लागला

मुंबईच्या माणसाला समुद्र निवडावा लागत नाही. चर्चगेटला उतरून चार पावलं चाललं की तो समोर असतोच. रत्नागिरीकराच्या तर परसदारी येऊन बसलेला असतो. आम्हा नागपूरकरांचं तसं नाही. देशाच्या मधोमध राहण्याचे फायदे शाळेत झिरो माईलवर निबंध लिहिताना सांगून झाले. तोटा कोणी सांगत नाही. आपल्या हक्काचा असा एकही समुद्र नाही, त्यामुळे जगातला कुठलाही समुद्र आपल्याला सारखाच परका आणि सारखाच चालण्यासारखा. अशा माणसानं स्कूबा डायव्हिंगला कुठे जायचं?

हा प्रश्न आमच्या त्रिमूर्तीनगरच्या भिशीला पडला. उशिरा येणारीला पन्नास रुपये दंड असा नियम आम्ही केला, तेव्हा त्यातून एखाद वेळची पाणीपुरी निघेल एवढीच अपेक्षा होती. पण वेळ पाळणं आमच्यापैकी कोणाच्याच रक्तात नसल्यामुळे दंडाची रक्कम भलतीच वाढली. पचमढी झाली होती, चिखलदरा झालं होतं, शेगावला तर आम्ही झोपेतही जाऊन येऊ. तेवढ्यात रेखाच्या विहीणबाईंनी स्टेटस टाकलं. मालवणला पाण्याखाली, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि विहीणबाई दोन बोटं वर करून विजयी मुद्रेत.

"अमरावतीची बाई समुद्रात उतरून राहिली," रेखा म्हणाली, "अन् आपण नागपूरच्या असून अंबाझरीच्या काठावर भुट्टे खाऊन राहिलो."

ठराव झाला. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर "तू वाचत असते ना."

मी मुलाचा जुना शालेय ॲटलास काढला, शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला, एक टोक नागपूरवर अंगठ्यानं दाबलं आणि दुसरं समुद्राकडे नेलं. वाटलं होतं दोरा कोकणाकडे जाईल. आपलं राज्य, आपली माणसं. पण दोरा आधी पोचला तो आंध्रात. सरळ रेघेत विशाखापट्टणम आपल्याला मालवणपेक्षा दोनशे किलोमीटरहून जास्त जवळ आहे. स्कूबा तिथेही चालतं. भिशीत हे सांगितलं, तर शोभाकाकू म्हणाल्या, "आंध्राचं तिखट खायले एवढ्या लांब कायले जायचं? सावजी काय बंद पडलं?" विशाखापट्टणम संपलं.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंच आहे. डायव्हिंगच्या पुस्तकात 300 मीटरच्या वरचं पाणी 'उंचावरचं' धरतात. तिथे बुडी मारायची तर खोलीचे आणि वेळेचे हिशेब बदलावे लागतात, कारण वर हवेचा दाब कमी. म्हणजे ज्या गावात सायकलला गिअर लागत नाही, ते डायव्हरांच्या लेखी हिल स्टेशन आणि आपला फुटाळा तलाव हिमालयातल्या सरोवरांच्या पंगतीत. मंगलताईंनी लगेच सुचवलं की मग फुटाळ्यातच उतरू, ऑटोनं घरी येऊ.

मंगलताईंचा मूळ प्रश्न मात्र वेगळाच असे. कुठलंही ठिकाण सांगितलं की त्या विचारत, "तिथे देव कोण?" द्वारका त्यांना पटकन पटली. पंतप्रधान फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या समुद्रात मोरपीस घेऊन उतरले होते, ते त्यांनी टीव्हीवर हात जोडून पाहिलं होतं. अंदमानला देव कोण, यावर मी सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी सांगितली. ती त्यांनी थोडा विचार करून चालवून घेतली. आणि कर्नाटकातल्या नेत्राणीचं नाव काढल्यावर तर विषयच मिटतो की काय असं वाटलं. किनाऱ्यावर मुरुडेश्वराचा 123 फुटी शंकर, समोरच्या समुद्रात बोटीनं तास-दीड तासावर नेत्राणी बेट. आधी दर्शन, मग डायव्हिंग. पण बोटीत तास-दीड तास म्हटल्यावर नंदाला बसल्या जागी मळमळायला लागलं. तिला शिवनेरीतही खिडकी आणि लिंबू दोन्ही लागतात.

जागेचं हे असं चाललं असताना तारखेचं काय, असा प्रश्न कोणीतरी काढला. तो काढायला नको होता. नवतप्यात पारा 45च्या पुढे गेला की नागपूरच्या माणसाला समुद्र आठवतो, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडचा समुद्र दुकान आवरायला घेतो. कोकणात मेच्या अखेरीस बोटी वर ओढतात, पावसाळाभर डायव्हिंग बंद, पाणी निवळायला ऑक्टोबर उजाडतो. अंदमानात तर मान्सून केरळच्याही आधी, मेमध्येच पोचलेला असतो. तरी मे धरला असता, पण मेमध्ये शोभाकाकूंचं वाळवण असतं आणि कुरड्यांपुढे समुद्र थांबू शकतो. ऑक्टोबरात नवरात्र, मग दिवाळी, मग माहेरी येणाऱ्या पोरी, मग तुळशीचं लग्न आणि ते लागलं की माणसांची. डिसेंबर मोकळा दिसला. तर शोभाकाकूंचा मुलगा सरकारी खात्यात. हिवाळी अधिवेशन नागपुरात आलं की त्याला घरी जेवायला सवड नसते. "मंग नातवाले शाळेतून कोण आणीन?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, मुख्यमंत्र्यांकडेही नसावं. जानेवारीत संक्रांतीचं वाण, ते रथसप्तमीपर्यंत पुरतं. फेब्रुवारीत नंदाच्या मुलीची बारावी. "तुम्ही जा, मी घरी बसून रडते," नंदा म्हणाली. शेवटी मुलीच्या आत्याला वर्ध्याहून बोलवायचं ठरलं आणि रथसप्तमी ते महाशिवरात्र यांच्या मधली फट आम्हाला सापडली. योगायोगानं तेव्हा समुद्रही चांगला असतो, पण त्याचं कोणाला काही नव्हतं.

मग मी फॉर्म आणले. स्कूबाच्या आधी तब्येतीची प्रश्नावली भरून द्यावी लागते: दमा आहे का, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, सायनस. तिथपर्यंत ठीक होतं. पुढचा प्रश्न होता, वय 45च्या वर आहे का? सगळ्यांची पेनं एकदम थांबली. कोणी पंख्याकडे पाहिलं, कोणी चिवड्यातले शेंगदाणे वेचले. रेखानं आधी नंदाच्या कागदात डोकावून पाहिलं आणि मग ठाम हातानं 'नाही'वर खूण केली. रेखाचा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. हा हिशेब खरा धरला तर रेखाचं लग्न सातवीच्या आत उरकलेलं दिसतं. 'हो' म्हटलं की पुढे चौकट उघडते: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, जवळच्या नात्यात कोणाला लवकर हृदयविकार. त्यातल्या एकालाही 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते. "तंबाखूचा खर्रा धरायचा काय यात?" मंगलताईंनी विचारलं आणि सगळ्या त्यांच्याकडे वळल्यावर घाईनं म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा विचारून राहिली, बाप्पा!" रक्तदाबासमोर 'नाही' लिहून शोभाकाकूंनी पेनाला टोपण लावलं, पर्समधून रक्तदाबाची गोळी काढली आणि चहाच्या घोटाबरोबर घेतली.

मी आग्रहानं फॉर्म पुन्हा भरून घेतले आणि सगळ्यांना डॉक्टरांकडे नेलं. आमचे फॅमिली डॉक्टर सगळ्यांची वयं जन्मतारखेनिशी जाणतात, त्यामुळे तिथे वातावरण जरा गंभीर होतं. डॉक्टर म्हणाले, "खाली जायला माझी हरकत नाही. पण आत्ता जिना चढून आलात, तेव्हा दम कशानं लागला?" तपासून, ईसीजी वगैरे काढून त्यांनी सह्या दिल्या. शोभाकाकूंची मात्र रक्तदाब महिनाभर आटोक्यात ठेवण्याच्या अटीवर राखून ठेवली. त्या दिवसापासून काकू लोणच्याच्या बरणीकडे माहेरच्या घराकडे पाहावं तशा पाहतात.

दम म्हटल्यावर मंगलताई उसळल्या. त्या वर्षानुवर्षं पहाटे बागेत प्राणायाम करतात. कुंभकात त्यांचा हात धरणारी आमच्यात कोणी नाही. पण स्कूबाचा पहिला नियमच असा की श्वास रोखायचा नाही. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. खाली भरून घेतलेला श्वास रोखून वर आलं, तर दाब कमी होईल तशी फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होते. सतत श्वास घेत-सोडत राहायचं, बस. "मंग मी एवढी वर्षं काहून रोखला?" मंगलताई म्हणाल्या. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसून दाबून भरलेली साधीच हवा असते, हे सांगितल्यावर त्यांना उलट हायसं वाटलं. 2021च्या उन्हाळ्यानंतर ऑक्सिजन सिलिंडर हा शब्द आमच्या कोणाच्याच घरात सुट्टीच्या गप्पांमध्ये येत नाही.

रेखाची मुलगी बंगळुरूला असते. तिच्या मते आम्ही उगाच भारतात अडकलो होतो. नवशिके थायलंडच्या को ताओला जातात, स्वस्तात कोर्स होतो, 18 मीटरपर्यंत उतरायचं प्रमाणपत्र मिळतं. नाहीतर बाली: तिथे तुलांबेनच्या किनाऱ्याला लागूनच 'लिबर्टी' नावाचं जहाज पाण्यात आहे. 1942 मध्ये जपान्यांचा टॉर्पेडो लागला, किनाऱ्यावर ओढून ठेवलं, 1963 मध्ये अगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते समुद्रात घसरलं. मी रंगात येऊन सांगत होते. शोभाकाकूंनी मध्येच थांबवलं. "पहिल्यांदा समुद्रात जायचं, ते बुडालेलं जहाज पाहायले? शुभ बोल रे नाऱ्या!" शिवाय पासपोर्ट पाहिले तर निम्म्यांची मुदत संपलेली. लक्षद्वीपला पासपोर्ट लागत नाही, पण परवाना लागतो. तिथलं पाणी काचेसारखं, पण प्रवाळ वारंवार पांढरे पडताहेत. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापला आणि बरेच दिवस तसाच राहिला, तरी त्यांना सोसत नाही. हे ऐकून भिशीत खरोखर हळहळ झाली. एक-दोन अंशांत! आणि खिशात कांदा ठेवायची सोय नाही.

अंदमान जवळजवळ ठरलंच होतं. पाणी नितळ, प्रवाळ दाट, आणि माझं मत विचाराल तर देशातल्या देशात पहिल्यांदा उतरायला हॅवलॉकसारखी, म्हणजे 2018 पासूनच्या स्वराज द्वीपसारखी जागा नाही. पण टूरवाल्यानं पाठवलेल्या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान होतं. असं करायचं नसतं. खाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन मुरतो. तो हळूहळू बाहेर पडायच्या आत विमानात बसलं, तर तिथल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका बुडीनंतर किमान बारा तास, जास्त असतील तर अठरा तास विमान टाळायचं. मी फोन केला. "काही होत नाही मॅडम, सगळेच करतात," तो म्हणाला. मग आम्हीच स्कूबा पहिल्या दिवशी घ्यायचं ठरवलं, तर नंदा उभी राहिली. "पहिल्याच दिवशी काही झालं तर पुढच्या दिवसांचे पैसे वाया! शेवटी ठेवा, म्हणजे सगळं पाहून तरी झालेलं राहीन." या युक्तिवादात मला अजूनही खोट सापडलेली नाही.

शेवटी भिशीला एकच पद्धत माहीत आहे, ती वापरली. चिठ्ठ्या. स्टीलचा डबा हलवला, नंदाच्या लहान भाचीनं डोळे मिटून चिठ्ठी काढली. निघालं: शोभा. गेल्या महिन्याच्या चिठ्ठ्या कोणी डब्यातून काढल्याच नव्हत्या. "मले लागली!" म्हणत काकूंनी पैशांसाठी हात पुढे केला, त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. दुसरी चिठ्ठी निघाली मालवणची. नंतर डबा विसळताना मला त्यात मालवणच्या आणखी तीन चिठ्ठ्या दिसल्या, रेखाच्या तिरप्या अक्षरातल्या. विहीणबाई जिथे उतरल्या तिथेच, पण एक फूट जास्त खोल, एवढंच तिचं मागणं आहे.

मी कोणाला बोलले नाही. मालवणचं पाणी अंदमानाइतकं नितळ नाही, हे खरं. पण पोहता येत नसलं तरी तिथे चालतं. शिकवणारा पूर्ण वेळ धरून असतो. अशा पहिल्यावहिल्या बुडीला बारा मीटरची मर्यादा असते, आणि मालवणात तर त्याच्याही बरंच वर सगळं आटोपतं. शिवरायांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग समोर, तेव्हा किल्लाही होतो. नंदा आणि रेखा सुरमईच्या ताटाची चौकशी करून राहिल्या आहेत. सकाळी ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून जायचं, दुपारी त्यांनाच ताटात घ्यायचं, यावर मंगलताईंनी निषेध नोंदवला आहे.

मडगावच्या गाडीनं कुडाळला उतरायचं. तिकिटं काढायला बसले तेव्हा कळलं की बारा मीटर खाली जायला सगळ्या तयार आहेत, वरच्या बर्थवर चढायला एकही नाही. गुडघे. खालचे मिळाले तेवढे घेतले, दोन वरचे आले. ते कोण घेणार, असं मी ग्रुपवर विचारलं आहे. निळ्या खुणा सगळ्यांच्या दिसतात. उत्तर एकट्या मंगलताईंचं आलं: "तिथून कुणकेश्वर किती दूर आहे वो?"